रिकॉलची बाकी पासिंगच्या टेबलावर दिसली पाहिजे

3 सप्टेंबर 2021 रोजी मारुती सुझुकीने 1,81,754 पेट्रोल गाड्यांचा रिकॉल जाहीर केला, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी त्या परत बोलावल्या. सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल6 या मॉडेलच्या, 4 मे 2018 ते 27 ऑक्टोबर 2020 या काळात बनलेल्या गाड्या. मोटर जनरेटर युनिट तपासून, गरज असल्यास ते फुकट बदलून द्यायचे होते. पार्ट बदलण्याचे काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होते. तोवर पाणी साचलेल्या रस्त्याने गाडी नेऊ नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, अशी सूचना कंपनीने मालकांना दिली होती.

ठाण्यात सप्टेंबर म्हणजे अजून पावसाळाच. वंदना टॉकीजचा परिसर, नवी मुंबईतले रेल्वेखालचे सबवे, बेलापूरचा सखल भाग. पावसाची एक जोरदार सर भरतीच्या वेळेला गाठून आली की पाणी साचते. ज्या मालकाला ती सूचना मिळाली त्याने निदान वाट तरी बदलली असेल. ज्याला ती मिळालीच नाही त्याची गाडी आजही न तपासलेल्या युनिटसह फिरत असू शकते. ती गाडी ट्रान्सफरसाठी आरटीओत आली, पीयूसीसाठी पेट्रोल पंपावर उभी राहिली किंवा नाक्यावर पोलिसांनी अडवली, तरी समोरच्या स्क्रीनवर त्या बाकी कामाची नोंद दिसत नाही.

आपल्याकडे रिकॉलची बातमी होते ती जाहीर होण्याच्या दिवशी. किती गाड्या परत बोलावल्या हा आकडा सगळीकडे छापून येतो. त्यांपैकी किती आल्या, किती दुरुस्त होऊन गेल्या, किती उरल्या, हे वर्षभराने कोणी सांगत नाही. रस्त्यावरच्या माणसाच्या दृष्टीने कामाचा आकडा मात्र हा उरलेल्या गाड्यांचाच आहे. म्हणून मागणी एकच आहे. प्रत्येक गाडीच्या चासी नंबरापुढे तिचा बाकी रिकॉल 'वाहन' या सरकारी संगणकीय नोंदणी प्रणालीत दिसला पाहिजे, आणि तो पूर्ण झाल्याशिवाय मालकी बदलता कामा नये की व्यावसायिक गाडीचे पासिंग (फिटनेस तपासणी) होता कामा नये.

कायदा आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करायला हवी. 2012 पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छेने पाळायची रिकॉल संहिता होती. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले आणि त्याखालचा नियम 127-सी 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला. पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय होईल असा दोष असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येने मालकांच्या तक्रारी आल्या, तपासणी संस्थेने कळवले किंवा दुसऱ्या मार्गाने माहिती मिळाली, की चौकशी सुरू होते. दोष सॉफ्टवेअरमधला असला तरी तो यात मोडतो. कंपनीने दुरुस्ती करायची, तशीच किंवा त्याहून चांगली दुसरी गाडी द्यायची किंवा पैसे परत करायचे. कंपनीने आपणहून दोष कळवला आणि रिकॉल केला तर दंड नाही. सरकारला आदेश काढावा लागला तर वाहनाच्या प्रकारानुसार आणि संख्येनुसार 10 लाख ते 1 कोटी रुपये दंड.

आपणहून कळवणाऱ्याला दंडातून सूट देणे योग्यच आहे. लपवाछपवी किती महागात पडते ते जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने 2014 मध्ये दाखवून दिले. स्विचच्या आतली स्प्रिंग कमजोर होती. जड कीचेनचा ओढा बसला किंवा गाडी खड्ड्यात आदळली की किल्ली 'रन'वरून मागे सरके. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगचा वीजपुरवठाही बंद. पुढे पार्ट सुधारला गेला, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे जुना दोषी स्विच कोणता आणि नवा कोणता हे तपास करणाऱ्यांना बराच काळ कळले नाही. सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले आणि कंपनीने अमेरिकी सरकारला 90 कोटी डॉलर भरले. त्यापुढे आपल्या नियमातला 1 कोटी रुपयांचा कमाल दंड मोठ्या मोटार कंपनीच्या जाहिरात खर्चातही उठून दिसणार नाही. आपल्याच कायद्याच्या कलम 182-अ मध्ये, रिकॉलचे कलम ज्या भागात येते त्या भागातल्या तरतुदी न पाळणाऱ्या उत्पादकाला 100 कोटी रुपयांपर्यंत दंडाची सोय आहे. रिकॉल जाहीर करून गाड्या शोधण्यात हयगय करणाऱ्या कंपनीला हे कलम लागू होईल असा स्पष्ट नियम हवा. आज कायद्याचे सगळे लक्ष रिकॉल सुरू होण्यावर आहे. तो पूर्ण करण्याची मुदत आणि त्याचा जाहीर हिशेब यांबाबतही कंपनीला बांधून घ्यायला हवे.

नियमातली दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. सक्तीचा रिकॉल उत्पादनापासून 7 वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरताच आहे. काही दोष मात्र गाडी जुनी झाल्यावरच जिवावर उठतात. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे तसेच झाले.

एअरबॅग फुगवणारा इन्फ्लेटर म्हणजे धातूचा छोटा डबा. त्यात गॅस तयार करणाऱ्या रसायनाच्या वड्या असतात. टक्कर झाली की त्या पेटतात आणि काही मिलिसेकंदांत पिशवी फुगते. ताकाताने यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले आणि बहुतेक इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषून घेणारा पदार्थ घातला नाही. अमोनियम नायट्रेट दमट हवेतला ओलावा धरते. दिवसा गाडी तापते, रात्री निवते. हा फेरा वर्षानुवर्षे चालला की वड्या सच्छिद्र होतात. सच्छिद्र वडी ठरल्यापेक्षा फार वेगाने जळते, दाब डब्याला सोसत नाही, डबा फुटतो आणि त्याचे धातूचे तुकडे पिशवी फाडून थेट चेहऱ्यावर, मानेवर येतात. साध्या टकरीतही, ज्यातून माणूस चालत बाहेर यायला हवा होता. अमेरिकी यंत्रणेने तिथे असे 28 मृत्यू नोंदवले आहेत. तिने दुरुस्तीचा क्रम लावला तोही हवामान पाहूनच. फ्लोरिडा, हवाई आणि आखाताकाठची उष्ण-दमट राज्ये आधी, थंड राज्ये नंतर.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरची हवा त्या पहिल्या गटातल्या हवेच्या जवळची आहे. घोडबंदर रोडवरच्या उघड्या पार्किंगमध्ये किंवा ऐरोली-घणसोलीच्या रस्त्याकडेला बारा महिने उभी असलेली गाडी एप्रिलच्या उन्हात भाजते आणि जुलैमध्ये आठवडेच्या आठवडे दमट हवेत राहते. होंडा कार्स इंडियाने जुलै 2016 मध्ये सुमारे 1,90,000 गाड्यांचे ताकाता इन्फ्लेटर बदलण्यासाठी रिकॉल काढला आणि पुढेही टप्प्याटप्प्याने तो वाढवला. सिटी, जॅझ, सिव्हिक अशा, आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असणाऱ्या गाड्या त्यात होत्या. 2009 साली बनलेली गाडी 2016 मध्येच 7 वर्षांची झाली होती. म्हणजे आजचा नियम तेव्हा असता आणि कंपनीने आपणहून पाऊल उचलले नसते, तर सरकारला त्या गाडीसाठी आदेश काढता आला नसता. सुरक्षेशी संबंधित दोषांना ही 7 वर्षांची अट नको. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची जबाबदारी 15 वर्षांची आहे. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, मग दोषाची जबाबदारी त्याच्या निम्म्यातच का संपावी?

आता गाड्या सुटतात कशा ते पाहू. कंपनीकडे पत्ता आणि फोन असतो तो पहिल्या खरेदीदाराचा. फुकट सर्व्हिस संपल्या की बरेच मालक अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून वागळे इस्टेट, कळवा, तुर्भे इथल्या गॅरेजकडे वळतात, आणि त्यात चूक काही नाही. तिथे काम स्वस्त होते आणि अनेकदा चांगलेही होते. पण त्या गॅरेजला कंपनीच्या रिकॉल यादीत पाहता येत नाही. मग गाडी विकली जाते. फॉर्म 29 आणि 30 भरून ट्रान्सफर होते, आरटीओला नवा मालक कळतो, कंपनीला कळत नाही. तिचे पत्र मुलुंडच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि गाडी असते उलव्यात. दुचाकीचे हाल याहून वाईट. यामाहाने फेब्रुवारी 2024 मध्ये रे झेडआर आणि फॅसिनो या 125 हायब्रिड स्कूटरपैकी सुमारे 3 लाख स्कूटर ब्रेक लिव्हरच्या दोषासाठी परत बोलावल्या. स्कूटर घरातल्या तिघांनी चालवायची, पंक्चरवाल्याकडे हवा भरायची, नाक्यावरच्या मेकॅनिककडे ऑइल बदलायचे. तिच्या मालकाला शोरूमचा निरोप मिळावा कुठून?

याउलट ई-चलान पाहा. सिग्नल तोडला की गाडीचा आजचा मालक जो असेल त्याच्या मोबाइलवर संदेश येतो, कारण पोलिसांची यंत्रणा वाहन प्रणालीतली नोंद वाचते. दंड वसूल करायला योग्य माणूस सापडतो. त्याच माणसाला 'तुमच्या गाडीचा टायरॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) तुटू शकतो' हे त्याच मोबाइलवर कळवायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. कंपनीने चासी नंबरांची यादी परिवहन मंत्रालयाला द्यायची, प्रणालीने ती नोंदणीशी जुळवायची आणि संदेश आजच्या मालकाला पाठवायचा. मालकाचा नंबर कंपनीच्या हाती जाण्याचीही गरज नाही. जर्मनीत वर्षानुवर्षे असेच चालते. तिथल्या केंद्रीय वाहन नोंदणीतून आजच्या मालकाचा पत्ता काढून पत्र जाते, आणि गंभीर दोष वारंवार कळवूनही दुरुस्त केला नाही तर गाडी रस्त्यावर आणायला बंदी होऊ शकते.

संदेश पाठवून मात्र काम संपत नाही. संदेश वाचला जात नाही, वाचला तर पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. गाडी रोज नीट चालत असते, मग घाई कोण करणार? दोषी इन्फ्लेटर फुटेपर्यंत कोणतीही खूण दाखवत नाही. म्हणून जिथे गाडीला कागदासाठी यावेच लागते तिथे अडवणे भाग आहे. जपानने मे 2018 पासून ठराविक ताकाता इन्फ्लेटर न बदललेल्या गाड्यांना तिथल्या नियमित तपासणीत पास करणे बंद केले. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये ताकाता रिकॉल सक्तीचा केला, 2020 च्या अखेरची मुदत घातली, राज्यांनी दुरुस्ती टाळणाऱ्यांची नोंदणी रोखली, आणि 30 लाखांहून अधिक गाड्यांचा तो रिकॉल जवळजवळ पूर्ण झाला. नुसत्या विनंतीने हे झाले नसते.

महाराष्ट्रात असे काही जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) बसवायची मोहीम आपण पाहिली. नंबरप्लेट नसेल तर मालकी हस्तांतरण, पत्ताबदल, कर्जाचा बोजा चढवणे-उतरवणे ही कामे थांबवण्याचे आदेश निघाले. नंबरप्लेटसाठी ट्रान्सफर थांबवता येते, तर स्टिअरिंगच्या दोषासाठी ते थांबवायला प्रशासनाला कोणती अडचण आहे?

यावर खरा आक्षेप आहे तो मालकाच्या बाजूने, आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. पार्टच मिळत नसेल तर? दिवसाला कमावणाऱ्या रिक्षावाल्याने, टॅक्सीवाल्याने दोन दिवस गाडी उभी कशी करायची? दोष कंपनीचा आणि अडवणूक मालकाची, असे होता कामा नये. त्यामुळे अडवण्याला अटी हव्यात. पार्ट उपलब्ध झाल्याचे कंपनीने लेखी कळवल्यापासून 6 महिने मालकाला मोकळे असावेत. त्या काळात पीयूसीच्या कागदावर एक ओळ छापून यावी: 'या वाहनाचे सुरक्षा रिकॉल बाकी आहे.' पीयूसी केंद्रे वाहन प्रणालीशी जोडलेलीच आहेत, ओळ छापायला खर्च नाही, आणि त्यामुळे दर गाडीला वर्षातून एकदा तरी निरोप मिळेल. 6 महिन्यांनंतर ट्रान्सफर आणि पासिंग अडेल, पण सर्व्हिस सेंटरने 15 दिवसांच्या आत वेळ दिली नाही तर तसा दाखला मालकाला मिळावा आणि त्या दाखल्यावर त्याचे काम व्हावे. दाखल्यांची संख्या कंपनीच्या खाती जमा होऊन तिच्यावर कारवाई व्हावी. व्यावसायिक गाडीच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे कंपनीने द्यावेत. कायदा आज दुरुस्तीच्या खर्चाबद्दल बोलतो, बुडालेल्या कमाईबद्दल नाही. ही सुधारणा झाली तर निम्मे चालक आपणहून येतील.

सगळे दोष एका मापाने मोजायचेही कारण नाही. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने 17,362 गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरसाठी रिकॉल काढला तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असे मालकांना सांगितले. त्या गाड्या 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 दरम्यान बनलेल्या, म्हणजे अगदी नव्या आणि पहिल्याच मालकाकडे. त्या सापडणे सोपे होते. अशा 'चालवू नका' वर्गातल्या दोषाला 6 महिन्यांची सवलत नसावी, आणि गाडी नेण्यासाठी टोइंग कंपनीच्या खर्चाने मिळावे. इंधनाच्या काट्यातली किंवा दिव्यातली चूक त्या पंक्तीत बसत नाही.

फ्युएल पंपाचा दोष मात्र वरून किरकोळ वाटतो आणि तसा नसतो. होंडाने जून 2020 मध्ये 65,651 आणि एप्रिल 2021 मध्ये 77,954 गाड्या पंपाच्या इम्पेलरसाठी परत बोलावल्या. इम्पेलर हे पंपातले प्लास्टिकचे छोटे चक्र. त्याच्या प्लास्टिकची घनता कमी पडली तर ते इंधनात फुगते, पंपाच्या आतल्या भिंतीला घासते, फिरायचे थांबते, आणि इंजिन चालत्या गाडीत बंद पडते. गल्लीत ही नुसती गैरसोय झाली असती. गायमुखच्या चढावर मागे भरलेला ट्रेलर असताना, अटल सेतूवर किंवा ठाणे-बेलापूर रोडवरच्या उड्डाणपुलावर ती मागून धडक बसण्याची वेळ असते. इंजिन बंद पडले की ब्रेक बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणाऱ्या भागात) शिल्लक असलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच पुरतो. त्यामुळे पेडल पुन्हा पुन्हा दाबून सोडायचे नाही. आधी हझार्डचे दिवे लावायचे, उरलेल्या वेगावर गाडी डावीकडे घ्यायची आणि एकदाच घट्ट दाबून थांबवायची. स्टिअरिंग जड झाले तरी वळते, किल्ली मात्र पूर्ण बंद करायची नाही, नाहीतर ते लॉक होऊ शकते.

हे सगळे होईपर्यंत मालकाने आपल्या हाताने करायचे काम फार नाही. चासी नंबर आरसीवर असतो, 17 अक्षरांचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे येत नाहीत, म्हणून शंका आली तर तो एक किंवा शून्य समजावा. मोटारीत तो चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर किंवा बॉनेटखाली, तर दुचाकीत सहसा हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला की रिकॉल बाकी आहे का ते कळते. मॉडेल आणि सालावरून अंदाज बांधू नये, कारण एकाच महिन्यात निघालेल्या दोन गाड्यांत वेगळ्या पुरवठादाराचा पार्ट असू शकतो. सेकंडहँड गाडी घेताना टोकन देण्याआधी हे पाहावे, आणि शक्य असेल तर अधिकृत सेंटरकडून चासी नंबरावर सर्व्हिसचा इतिहासही काढावा. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेल्या किंवा पुरात बुडालेल्या गाड्या लिलावातून दुरुस्त होऊन बाजारात येतात. अशा गाडीत दुसऱ्या गाडीतून काढलेली एअरबॅग बसवलेली असू शकते, आणि ती रिकॉलमधल्या गाडीतली आहे का हे चासी नंबरावरून कळणार नाही.

काम झाल्यावर जॉब कार्डवर काय लिहिले आहे ते बघा. रिकॉल कॅम्पेनचा क्रमांक, चासी नंबर, काढलेल्या आणि घातलेल्या पार्टचे नंबर आणि रक्कम शून्य, इतके हवेच. 'तपासले, ठीक आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. काय तपासले आणि पार्ट का बदलला नाही, ते लिहून मागावे. टायरॉड बदलला असेल तर चाकांचा टो (पुढच्या बाजूने आत-बाहेर असलेला कोन) हलतो, त्यामुळे व्हील अलाइनमेंट त्याच कामात आणि फुकट झाली पाहिजे. ती टाळली तर तीन-चार हजार किलोमीटरमध्ये पुढचे टायर एका कडेने झिजायला लागतात. इन्फ्लेटर बदलताना मेकॅनिकने बॅटरीचा निगेटिव्ह काढून निदान तीन मिनिटे थांबायला हवे, कारण कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये तेवढा वेळ चार्ज राहतो. पिवळ्या कनेक्टरच्या त्या वायरींवर साधा मल्टिमीटर लावणे धोक्याचे आहे. त्याच्या क्षीण प्रवाहानेही एअरबॅग उडू शकते. म्हणून हे काम नाक्यावरच्या गॅरेजने हाती घेऊ नये, पण चासी नंबर तपासून गिऱ्हाइकाला सेंटरकडे पाठवण्याचे काम त्याच गॅरेजला सगळ्यात चांगले जमेल. कंपन्यांनी गॅरेजवाल्यांना पाठवलेल्या प्रत्येक गाडीमागे काही मोबदला दिला तर जाहिरातीवरच्या खर्चापेक्षा जास्त गाड्या सापडतील, असे आमचे ठाम मत आहे.

दोष आहे पण रिकॉल नाही, अशा वेळी वाहन पोर्टलच्या रिकॉल विभागात तक्रार नोंदवलीच पाहिजे. समाजमाध्यमावर लिहिलेले कायद्याच्या मोजणीत येत नाही, पोर्टलवर लिहिलेले येते. तक्रारीत किलोमीटर, वेग, हवामान, डॅशबोर्डवर पेटलेला दिवा आणि स्कॅनरने दाखवलेला कोड लिहावा. 'गाडी खराब आहे' याने तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नुकसान झाले असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे, ठाण्यात जिल्हा आयोग आहे आणि 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. एअरबॅग न उघडल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये कंपनीला जबाबदार धरले. टकरीचा वेग आणि बल यांचे गणित मांडायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असे न्यायालयाने त्यात म्हटले. मग ज्या गाडीचा दोष कंपनीने आधीच मान्य केला आहे, तिच्या नव्या मालकाने तो स्वतः शोधून काढावा ही अपेक्षा टिकत नाही.

व्यावसायिक गाड्यांसाठी तर थांबण्याचे कारणच नाही. त्या 8 वर्षांच्या होईपर्यंत दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला येतात. त्यांत बसणाऱ्या प्रवाशाला गाडी निवडता येत नाही, चासी नंबर बघता येत नाही. अमेरिकेत 35 हून अधिक गाड्या बाळगणाऱ्या भाड्याच्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने द्यायला 2016 पासून मनाई आहे. आपल्या ॲप टॅक्सींच्या परवान्यात हीच अट घालता येईल. गाडी ॲपवर चढवताना आरसी, विमा आणि पीयूसी मागतातच, त्यांच्या जोडीला रिकॉलचा दाखला मागायचा.

सगळ्यात आधी मात्र शाळेच्या गाड्या. जुलै 2023 मध्ये मारुतीने 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 दरम्यान बनलेल्या 87,599 एस-प्रेसो आणि ईको गाड्या स्टिअरिंगच्या टायरॉडसाठी परत बोलावल्या. टायरॉड तुटला तर त्या बाजूचे चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. ईको ही ठाणे, कळवा, कोपरखैरणे, नेरूळ इथल्या शाळांबाहेर रोज दिसणारी गाडी आहे. ती दिवसाला अनेक फेऱ्या करते, मुलांनी भरून गतिरोधकांवरून आणि खड्ड्यांतून जाते, आणि प्रत्येक आदळण्याचा भार त्याच टायरॉडवर येतो. शाळेच्या गाडीत अग्निशामक सिलिंडर आहे का, प्रथमोपचार पेटी आहे का, खिडक्यांना आडव्या सळ्या आहेत का, हे सगळे आपण पाहतो. त्या तक्त्यात रिकॉलचा रकाना नाही.

तो घालायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. ठाणे, कल्याण आणि वाशी या आरटीओ कार्यालयांकडे आपापल्या हद्दीतल्या शाळेच्या गाड्यांची नोंद आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी, एप्रिलमध्येच त्या गाड्यांच्या चासी नंबरांची यादी संबंधित कंपन्यांना पाठवावी, 15 दिवसांत प्रत्येक नंबरापुढे 'बाकी' की 'पूर्ण' हे लेखी मागवावे, बाकी निघालेल्यांना मे महिन्याच्या सुट्टीत सर्व्हिस सेंटरला पाठवावे आणि जॉब कार्डाची प्रत तपासणीच्या अर्जाला जोडून घ्यावी. पालक-शिक्षक संघांनीही शाळेकडे हीच प्रत मागावी. ती मागायला कोणाची परवानगी लागत नाही.